शंभर रुपयांचे सभासद

(पिंपरी येथे मंडळीच्या हंगामाच्या सणानिमित्त झालेल्या सभेतील भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



पाळकसाहेबांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि त्यानंतर लिलाव आहे. बाहेर टेबलावर भोपळे, केळीचे घड, दोन गावरान कोंबड्या आणि खांबाला बांधलेलं एक करडू मी येताना पाहिलं. ते करडू मधून मधून ओरडणार आहे. ओरडू द्या, कारण माझा विषय शेळ्यांचाच आहे.

मागच्या वर्षी तुमच्यापैकी काही कुटुंबांनी आमच्या भागातल्या शेळीपालक संघात बारा कातकरी कुटुंबांची सभासद फी भरली. यंदा तुम्ही पुन्हा पैसे पाठवलेत आणि मी ते परत केले. तुमच्या खजिनदारांनी फोन करून विचारलं, "ताई, आमचं काही चुकलं का?" तुमचं नाही, माझं चुकलं होतं. ते काय, हे सांगायला मी आज आले आहे.

चाकणपासून पश्चिमेला भामा खोऱ्याकडे जाताना एका बाजूला गाड्यांच्या कारखान्यांच्या भिंती आणि दुसऱ्या बाजूला डोंगराच्या पायथ्याला ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या दिसतात. तुमच्यापैकी बरेच जण रोज कंपनीच्या बसने तिकडे जाता, पण बसच्या खिडकीतून वाडी दिसत नाही. एमआयडीसी आल्यावर ज्यांची जमीन होती त्यांना तिचा मोबदला मिळाला. ज्यांची जमीन नव्हती, नुसती चराई होती, त्यांना कुंपण मिळालं. शेळी मात्र कुंपणाच्या कडेलाही जगते. बोर, बाभूळ, सुबाभूळ, रस्त्याकडेचा पिंपळ, जे मिळेल ते खाते. २०२० च्या टाळेबंदीत कंत्राटी कामं गेली, तेव्हा वाडीतल्या पोरांना घर चालवून दाखवलं ते आजीच्या तीन-चार शेळ्यांनी. त्यानंतरच संघ करायचं ठरलं.

संघ कशाला, असं कोणी विचारेल. लसीकरण तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातूनही होतं. खरी अडचण बोकडाची असते. बोकड जितका तगडा तितका लवकर बाजारात जातो, चाकणच्या शनिवारच्या बाजारात नाहीतर बकरी ईदला. वाडीत मागे राहतो तो मरतुकडा, आणि पुढची पिढी त्याच्यापासून होते. शिवाय एकच बोकड तीन-चार वर्षं ठेवला की तो आपल्याच पोरींना फळवतो आणि करडं बारकी निपजतात. म्हणून दर दोन वर्षांनी बोकड बदलायला हवा. पंचवीस-तीस शेळ्यांना एक चांगला बोकड पुरतो, पण तीन शेळ्यांची बाई स्वतःचा बोकड कुठून पोसणार? चार वाड्यांनी मिळून पोसायचा. आपल्याकडे उस्मानाबादी आणि संगमनेरी या दोन्ही चांगल्या जाती आहेत. उस्मानाबादी जुळी देते, संगमनेरी दूधही देते. संघाने दोन्ही जातींचे बोकड आणले.

संघात दोन प्रकारची माणसं आली. एक म्हणजे वाडीतली. दुसरे, जमिनीच्या पैशातून शेड बांधून बंदिस्त शेळीपालन करणारे गावातले दादा-अण्णा. एकेकाकडे सत्तर-ऐंशी शेळ्या. माणसं वाईट नाहीत, हे आधीच सांगते. शेड कसं हवेशीर ठेवायचं, जंताचं औषध कधी द्यायचं, हे वाडीला त्यांनीच शिकवलं.

नियमावलीचा मसुदा माझ्याकडे आला. मी ईश्वरज्ञानाचा डिप्लोमा केलेली बाई, मला नियमावली काय कळणार? एका मोठ्या संस्थेचे छापील नियम समोर ठेवले आणि उतरवले. त्यात अ, ब, क असे वर्ग होते. मला ते फार न्यायाचं वाटलं. पन्नासच्या वर शेळ्या असणाऱ्यांना २००० रुपये, दहा ते पन्नास असणाऱ्यांना ५०० आणि दहाच्या आत असणाऱ्या गरिबांना फक्त १००. त्या छापील नियमांत अ आणि ब वर्गाला मत होतं, क वर्ग 'नाममात्र' होता. तेही मी तसंच उतरवलं. बोकडाची पाळी, लसीची यादी, सगळं वर्गाच्या क्रमाने. जो जास्त देतो त्याचं काम आधी, यात मला तेव्हा काही खटकलं नाही. कंपनीत कायम आणि कंत्राटी एकाच लाइनवर एकच काम करतात आणि युनियनमध्ये मत फक्त कायमला असतं, हे रोज बघणाऱ्या माणसांना ते खटकणारही नव्हतं.

खटकलं एका ठाकर आजीला. तिच्या तीन शेळ्या. पैसे गोळा करताना मी तिला सांगितलं, तुला शंभरच आहेत, आजी. तिने विचारलं, "बाई, शंभरात बसाया मिळतं का नुसतं उभं ऱ्हायाचं?"

मी हसले. मग घरी येऊन हिशोब मांडला आणि माझं हसू गेलं. ऐंशी शेळ्यांचा मालक २००० देतो, म्हणजे शेळीमागे २५ रुपये. आजी तीन शेळ्यांना १०० देते, म्हणजे शेळीमागे ३३ रुपये. एकच शेळी असलेली कातकरी बाई शेळीमागे १०० रुपये देते. ज्याला मी सवलत म्हणत होते ती सवलत नव्हतीच. शेळीच्या मापाने मोजलं तर गरीब जास्तच देत होता, आणि त्या बदल्यात त्याचं मत मी काढून घेतलं होतं. स्वतःच्या हाताने, वर दया म्हणून.

आता पाळीचं बघा. कोणी म्हणेल, बोकड आज नाही मिळाला तर उद्या मिळेल. तसं नसतं. शेळी माजावर येते ती एक-दीड दिवस. तेवढ्यात बोकड मिळाला नाही तर पुन्हा सुमारे एकवीस दिवस थांबायचं. आणि शेळी पाच महिने गाभण राहते. बकरी ईद २०२४ साली १७ जूनला होती, २०२५ साली ७ जूनला. चंद्राच्या महिन्यांमुळे ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. कुर्बानीच्या बोकडाला वर्ष पूर्ण झालेलं लागतं, गिऱ्हाईक तोंड उघडून दात बघतं. म्हणजे जी शेळी २०२४ च्या जानेवारीच्या मध्याला फळली तिचं करडू त्या ईदच्या आत जन्मलं आणि पुढच्या ईदला वर्षाचं झालं. जिची पाळी हुकली तिचं करडू जुलैत, भर पावसात जन्मलं. एक तर ते ओल्यात दगावण्याचं भय, आणि जगलं तरी ईदचा बाजार चुकला, मग खाटकाच्या भावाने विकायचं. आमच्या नियमांतली एक ओळ, 'पाळी वर्गानुसार', तिचा अर्थ हा होता. शंभर रुपयांच्या सभासदाची ईद हुकवणं.

मी पवित्र शास्त्र उघडलं ते धीर मिळावा म्हणून, आणि तिथेही मला आधी दोन उलटसुलट गोष्टी दिसल्या. निर्गमाच्या तिसाव्या अध्यायात शिरगणतीच्या वेळी प्रत्येकाने अर्धा शेकेल द्यायचा आहे, आणि तिथे स्पष्ट सांगितलंय की श्रीमंताने जास्त देऊ नये आणि गरिबाने कमी देऊ नये. म्हणजे सरसकट एकच फी. पण लेवीयाच्या पाचव्या अध्यायात वर्गवारी आहे. पापार्पणासाठी कोकरू परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिले. तेही परवडत नसेल तर एफाचा एक दशमांश सपीठ. आपल्या प्रभूच्या आईबापांनी मंदिरात आणलं ते गरिबाचंच अर्पण होतं, हे लूकने नोंदवून ठेवलं आहे.

मग देवाला सरसकट फी हवी की वर्गवार? बराच वेळ मला हे जुळेना. मग एक गोष्ट लक्षात आली. लेवीयात कोकरू आणणाऱ्याला जी क्षमा आहे तीच होले आणणाऱ्याला आणि तीच मूठभर पीठ आणणाऱ्याला. प्रत्येक पायरीच्या शेवटी तीच क्षमा पुन्हा सांगितली आहे. पीठ आणणाऱ्याला अर्धी क्षमा, किंवा कोकरूवाल्यांचं झाल्यावर वेळ उरला तर, असं तिथे नाही. आणि अर्धा शेकेल हा माणसाच्या मोजणीचा होता. माणूस म्हणून मोजायचं तर सगळे सारखे. त्या चांदीचं पुढे काय झालं तेही निर्गमाच्या अडतिसाव्या अध्यायात आहे. तिच्यातून पवित्रस्थानाच्या उथळ्या ओतल्या, म्हणजे ज्यांवर सगळा मंडप उभा राहिला त्या बैठका. एक कबुली मात्र दिली पाहिजे. त्या मोजणीत वीस वर्षांवरचे पुरुषच होते, बायका नव्हत्या. आमच्या क वर्गात जवळजवळ सगळ्या बायका होत्या. तेव्हा शास्त्राचा आधार घेतानाही मला थोडं अडखळायला झालं.

ही काही फक्त आपल्या शास्त्राची गोष्ट नाही. १८४४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात अठ्ठावीस जणांनी एकेक पौंडाचं भांडवल पेनी-पेनीने जमवून दुकान काढलं आणि भांडवल कितीही असो, माणसाला एकच मत ठेवलं. आपल्या १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातही सभासदाचे शेअर कितीही असले तरी मत एकच. मात्र त्याच कायद्यात 'नाममात्र सभासद' आहे आणि त्याला मत नाही, नफ्यात वाटा नाही. मी ज्या छापील नियमांवरून उतरवलं त्यांत तो शब्द बहुधा तिथूनच आला असावा. कायद्याने ज्याच्यासाठी मागचं दार ठेवलं, त्या दाराने मी आख्खी वाडी आत आणली होती. गुजरातेत १९४६ साली खेडा जिल्ह्याचा दूध संघ उभा राहिला, पुढे त्याचाच अमूल झाला. तिथल्या गावच्या दूध सोसायटीत काय चालतं? बोनस दुधाच्या मापाने आणि मत माणसाच्या मापाने. दोन म्हशींची विधवा आणि वीस म्हशींचा पाटील यांना पैसे वेगळे मिळतात, मत तेवढंच.

आता तुमच्या पैशांकडे येते.

कातकरी हा आपल्या राज्यातला अतिअसुरक्षित म्हणून नोंदलेला आदिवासी समूह. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आमची फी जानेवारीअखेर भरायची, सर्वसाधारण सभा मेमध्ये. संघ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेला. त्या कायद्यात एक साधं कलम आहे. वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली तर त्या सभासदाला मत नाही. जानेवारी ते मे मोजा. म्हणजे समजा वर्ग काढून टाकले आणि सगळ्यांना मत दिलं, तरी भट्टीवर गेलेला कातकरी सभेच्या दिवशी बिनमताचाच राहणार होता. कोणी दुष्टावा न करता, नुसत्या तारखांनी.

हा पेच सोडवायला मी तुमच्याकडे आले होते आणि तुम्ही बारा कुटुंबांची फी जानेवारीतच भरलीत. पावत्या माझ्या कपाटात राहिल्या, कारण कुटुंबं भट्टीवर होती. मे महिन्याच्या सभेत वर्ग रद्द करायचा ठराव मी मांडला तेव्हा एक अण्णा उठून म्हणाले, "ताई, ही बारा मतं कातकऱ्यांची का तुमच्या मिशनची?" सभा हसली. मला राग आला, पण रात्री विचार केला तर अण्णा खोटं बोलले नव्हते. ज्यांच्या नावाची पावती होती त्यांना आपण सभासद आहोत हेसुद्धा माहीत नव्हतं. पावसाळ्यात मी पावत्या वाटायला गेले तेव्हा एका माणसाने ती उलटीसुलटी करून विचारलं, "ह्ये कशाचं रेशन?" तुम्ही प्रेमाने दिलं होतं. पण फी ही अशी गोष्ट आहे की दुसऱ्याने भरली की सभासदही दुसराच होतो.

तो ठराव त्या सभेत पडला. पडायलाच हवा होता, कारण तो ज्यांच्यासाठी होता त्यांना मत देता येत नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात, सगळे परतल्यावर, वाडीच्या मारुतीच्या देवळापुढे पुन्हा विशेष सभा घेतली. यावेळी मी ठराव मांडला नाही, आजीने मांडला. चार तास भांडण झालं. मोठ्यांचं म्हणणंही ऐकण्यासारखं होतं. उद्या तीन शेळ्यांवाल्यांनी बहुमताने ठरवलं की शेडवाल्यांनी दहा हजार द्यायचे, तर? हा प्रश्न मला आजही सोपा वाटत नाही. त्यावर एका तरुण ठाकर पोराने, जो स्वतः कारखान्यात कंत्राटी आहे, तोड काढली. फीचे दोन भाग करायचे. पन्नास रुपये नावाचे, सगळ्यांना सारखे. त्यात मत आलं. आणि शेळीमागे पंचवीस रुपये, मग शेळ्या कितीही असोत. शेळीमागचा दर वाढवायचा तर तो सगळ्यांचा वाढणार, एकट्या मोठ्यांचा नाही. त्या पोराने निर्गम वाचलेलं नाही. मी त्याला अर्ध्या शेकेलाचं सांगितलं नाही, उगाच त्याच्या अकलेचं श्रेय मोशेला गेलं असतं.

ठराव मंजूर झाला. आता हिशोब बघा. ऐंशी शेळ्यांवाले अण्णा पूर्वी २००० देत, आता २०५० देतात. आजी पूर्वी १०० देत होती, आता तिला १२५ पडतात. पैशात फारसं काही बदललंच नाही, आजीला तर पंचवीस जास्तच. पण बोकडाची पाळी आता फळ्यावर लागते. ज्याची शेळी आधी माजावर आल्याची खबर आली त्याचं नाव आधी, मग तो कुणीही असो. सभा कायमची पावसाळ्यात नेली. फी हप्त्याने देता येते, बोकड विकल्यावर देता येते, आणि थकबाकी मोजायला सुरुवात सभेच्या महिन्यापासून होते. तीन महिन्यांचं कलम तसंच आहे, आम्ही फक्त भट्टीचं कॅलेंडर त्याच्या आड येणार नाही असं केलं.

दोन शेडवाले सोडून गेले. त्यांचं दुःख आहे, कारण त्यांच्याकडे वजनकाटा होता. मेच्या सभेत मला टोचणारे अण्णा मात्र राहिले. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आणि नवी भानगड सुरू झाली आहे. शेळीमागे फी म्हटल्यावर शेळ्या लपायला लागल्या. लस टोचायला डॉक्टर आले की वाडीत शेळ्या वाढतात आणि फी गोळा करायला आम्ही गेलो की कमी होतात. लहान-मोठे, सगळेच यात सारखे. लस टोचलेल्या शेळ्यांच्या कानातल्या बिल्ल्यांवरून फी धरावी असं काहींचं म्हणणं आहे. मग लोक लसच टोचून घेणार नाहीत, असं दुसऱ्यांचं. पीपीआरची साथ आली तर वाडीच्या वाडी रिकामी होते, तेव्हा हा धोका मी तरी पत्करणार नाही. पुढच्या सभेत यावर पुन्हा चार तास जातील.

जाता जाता तुम्हांला थोडं टोचते, रागावू नका. आपल्याही अनेक मंडळ्यांत वार्षिक सभेत मत देण्यासाठी वर्गणी भरलेली लागते. सभेच्या आदल्या रविवारी काही जणांची वर्षभराची वर्गणी दुसरंच कोणीतरी भरून टाकतं, हेही आपण पाहिलेलं आहे. मी कोणत्या मंडळीबद्दल बोलते आहे ते विचारू नका. पाळकसाहेब घड्याळ बघताहेत.

तर यंदा तुमच्याकडून सभासद फी नको. मागते ते दुसरं आहे. गेलेल्या वजनकाट्याच्या जागी एक टांगता काटा हवा, कारण करडू डोळ्यांनी जोखून विकलं की व्यापारी जोखतो तेच वजन होतं. लस थंड ठेवायला एक चांगली पेटी हवी. आणि येत्या वर्षी दोन बोकड बदलायचे आहेत, त्यांपैकी एकाचे पैसे संघाकडे जमले आहेत, दुसऱ्याचे निम्मे जमले आहेत. जे द्याल ते संघाच्या नावाने द्या, पावती संघाची मिळेल.

आजीच्या १२५ पैकी ७५ आले आहेत. उरलेले पन्नास मी माझ्या पर्समधून भरते म्हटलं तर तिने पावतीपुस्तक माझ्या हातातून ओढून घेतलं आणि पोराला सांगितलं, "लिव, बाकी पन्नास." शनिवारी तिचा एक बोकड चाकणच्या बाजारात जाणार आहे.